नवशिक्या उपासकऱ्यासाठी

अभिनंदन! यंदाच्या उपवासकाळात आपणही उपवास धरायचा, असं तुम्ही ठरवलंत, आणि ठरवल्याबरोबर ते घरी, ऑफिसात आणि पॅरिशच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सांगूनही टाकलंत. म्हणजे निम्मा उपवास झालाच. उरलेला कसा निभवायचा, तेवढ्यापुरतं हे मार्गदर्शन.

आधी हिशेब. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत बोटं मोजलीत तर दिवस ४६ भरतात. घाबरू नका. मधले सहा रविवार वजा करायचे, कारण रविवार पुनरुत्थानाचा, त्या दिवशी उपवास नसतो. राहिले चाळीस. येशूनं रानात काढले तेवढेच. फक्त त्याला मध्ये सहा सुट्ट्या नव्हत्या, हा विषय काढू नये.

चाळीसचा आकडाही फार मनावर घेऊ नका. कॅथलिक चर्चच्या १९८३च्या विधिसंहितेप्रमाणे सक्तीचे उपवास दोनच: राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. त्या दिवशी एकदा पोटभर जेवायचं, बाकी दोन वेळा थोडंसं तोंडात टाकायचं. शुक्रवारी मांस वर्ज्य. १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी नियम सैल केले. त्याआधी रविवार सोडून अख्खा काळ उपवासाचाच होता. उपवास बंधनकारक वयाच्या अठरापासून साठीत पाऊल पडेपर्यंत, आणि मांसवर्ज्य चौदा पूर्ण झाल्यावर. आजाऱ्यांना, गरोदर बायकांना सूट. साठीनंतर सूट आहे, हे घरातल्या आजीला सांगायच्या भानगडीत मात्र पडू नका. तिचे गुडघे गेलेत, साखर वाढलेली आहे, आणि घरात खराखुरा उपवास करणारी तेवढी ती एकटीच आहे.

साहित्य एकच लागतं: गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारची झावळी. ती वर्षभर देवघरातल्या क्रुसामागे खोचलेली असते. फेब्रुवारीपर्यंत तिचा रंग विटून कागदासारखा होतो आणि हात लावला की कड तुटून बोटाला लागते. ती पिशवीत घालून चर्चमध्ये द्यायची. तिथं सगळ्या गावाच्या झावळ्या जाळून, राख चाळून वाटीत भरतात आणि बुधवारी तीच तुमच्या कपाळावर येते. शक्यतो रांगेत पुढं उभं राहावं. पहिल्या पाचदहा जणांच्या कपाळावर फादरांच्या अंगठ्यानं रेखीव क्रूस उमटतो. शेवटच्या रांगेपर्यंत अंगठा दमलेला असतो आणि कपाळावर नुसता डाग येतो. मग विरार लोकलमध्ये समोरची बाई आपल्याच कपाळाला बोट लावून खुणेनं सांगते, काहीतरी लागलंय, पुसा.

गंमत पुढंच आहे. त्या दिवशीच्या मिस्सेत जे शुभवर्तमान वाचतात, ते मत्तयच्या सहाव्या अध्यायातलं. उपवास करताना सुतकी चेहरा करून हिंडू नका, केसांना तेल लावा, तोंड धुवा, कुणाला पत्ता लागू देऊ नका, असा येशूचा तिथला सल्ला. हे नीट, हात जोडून ऐकायचं आणि लगेच उठून कपाळाला राख लावून घ्यायची. दोन्ही एकाच दिवशी कसं पाळायचं, याचा उलगडा धर्मशास्त्रात शोधत बसू नये. जुने उपासकरी राख दिवसभर मिरवतात आणि तोंड दुसऱ्या दिवशी धुतात.

चेहऱ्याचा सराव मात्र आजपासूनच सुरू करा, कारण उपवासात सगळ्यात अवघड तोच. ऑफिसात कुणी बिस्किटाचा पुडा पुढं केला की हात अर्धा न्यावा, थांबावा, मागं घ्यावा. ‘नको’ म्हणताना आवाज किंचित खाली. आता समोरच्यानं ‘का हो?’ विचारलं पाहिजे. नाहीच विचारलं, तर ‘काही नाही, जरा...’ एवढंच म्हणून वाक्य तिथंच सोडावं. याला येशूनं दिलेला शेरा असा, की यांची मजुरी यांना पोचली, आता वरून काही येणं नाही. नवशिक्याला एवढा चोख हिशेब कुठला आवडायला?

आणि मग तो प्रश्न येतो. येतोच. ‘तुमच्यात उपासाला काय चालतं?’

महाराष्ट्रात जन्मलेल्या माणसाच्या डोक्यात उपास म्हटलं की यादी तयार असते. साबुदाणा, वरई, रताळं, दाण्याची आमटी. आपल्याकडं अशी यादी नाही, हे सांगितलं की समोरच्याला आपली दया येते. मग मांस चालत नाही पण मासे चालतात, हे सांगितलं की दया जाते. वसईच्या किनाऱ्यानं घराघरापुढं बोंबील बांबूवर वाळत घातलेले असतात. तिथं शुक्रवारी मटण सोडून तळलेलं पापलेट खायचं आणि त्याला त्याग म्हणायचं, याला छाती लागते. ‘म्हणजे तुमच्या उपासाला सुरमई चालते आणि साबुदाणा लागत नाही?’ असं विचारणाऱ्या बाईंना अजून कुणी पटेल असं उत्तर दिलेलं नाही. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणून आपण शेजाऱ्यांना हसतो. शुक्रवारी दुपारी त्यांना आपल्या खिडकीखालून जाऊ देऊ नये.

काय चालतं, या प्रश्नाला चर्च शतकानुशतकं उत्तरं देत आलं आहे, त्यामुळं तुम्हाला लाज वाटायचं कारण नाही. मध्ययुगात उपवासाला लोणीही बंद होतं. उत्तर युरोपात ऑलिव्हचं तेल पिकत नाही. लोकांनी करायचं काय? १४९१ साली पोप आठवे इनोसंट यांनी सॅक्सनीला लोण्याची परवानगी दिली, अर्थात पैसे भरून. फ्रान्समध्ये रुआँच्या कॅथेड्रलचा एक मनोरा आजही ‘लोण्याचा मनोरा’ म्हणून ओळखला जातो. उपवासकाळात लोणी खाता यावं म्हणून लोकांनी भरलेल्या पैशांवर तो उभा राहिला, असं सांगतात. पुढं अमेरिकेतून चॉकलेट आलं. ते पिण्याचं की खाण्याचं, यावर सतराव्या शतकात स्पेन आणि इटलीतल्या विद्वानांनी पुस्तकं लिहिली, आणि पातळ पदार्थानं उपवास मोडत नाही, या बाजूला एक कार्डिनलही उभे राहिले. तुमच्या सकाळच्या दोन कप चहाला आधार हवा असेल तर तो इथं आहे. अगदी अलीकडं, २०१० साली, न्यू ऑर्लिन्सच्या आर्चबिशपांनी एका भाविकाला लेखी कळवलं, की सुसरीसारखा तो ॲलिगेटर माशांत मोडतो, शुक्रवारी खुशाल खा.

यादीला वैतागलेलीही माणसं होऊन गेली. १५२२च्या उपवासकाळात झुरिकमध्ये फ्रोशाउअर नावाच्या छापखानेवाल्यानं घरी जमलेल्या मंडळींना सॉसेज खाऊ घातले. छपाईचं काम अंगावर, कामगार राबून दमलेले, असा त्याचा बचाव. तिथं हजर असलेल्या धर्मगुरू झ्विंग्लीनं स्वतः तुकडा उचलला नाही, पण काही दिवसांनी व्यासपीठावरून खाणाऱ्यांची बाजू मांडली. स्वित्झर्लंडमधली धर्मसुधारणा सुरू झाली ती अशी, सॉसेजवरून. आणि इतकं होऊनही आपल्याला उपास जमतो असं वाटत असेल, तर केरळच्या सुरियानी ख्रिस्ती घरात जाऊन पाहा. त्यांचा ईस्टरपूर्वीचा उपवास पन्नास दिवसांचा. कडक पाळणारे मांस, मासे, अंडी, दूध सगळंच सोडतात. योनाच्या पुस्तकातल्या निनवे शहराच्या आठवणीचा तीन दिवसांचा उपवास वेगळा. त्या गोष्टीत राजा गुराढोरांनाही वैरण-पाणी बंद करतो. गुरांना कुणी विचारलं नसावं.

ताटाचं झालं. आता ज्याबद्दल कुणीच विचारत नाही ते: प्रार्थना. जेवण टाळलं की दुपारी अर्धा-पाऊण तास हातात उरतो. तो प्रार्थनेसाठी आहे, आणि इथं नवशिक्याच काय, मुरलेलाही गडबडतो. भुकेला निदान पोटात जागा असते. त्या अर्ध्या तासाला कुठं ठेवावं कळत नाही. बहुतेक जण तो मोबाइलवर उपवासाविषयीचे व्हिडिओ पाहण्यात सत्कारणी लावतात.

एकट्याला जमत नसेल तर प्रोटेस्टंट मंडळ्यांमधल्या उपवास-प्रार्थनेला जावं. सकाळी दहाला सतरंज्या अंथरलेल्या असतात, पेटी-ढोलकी असते, ‘उपासना संगीता’च्या कडा दुमडलेल्या प्रती असतात. सुटका दुपारी तीनला. गाणी झाली, साक्षी झाल्या, की मध्यस्थीची प्रार्थना. ही कला शिकून घ्या. देवाला सगळं ठाऊक असतं, पण सतरंजीवर बसलेल्यांना नसतं, म्हणून प्रार्थना तपशीलवार करायची. ‘हे प्रभू, तू जाणतोसच, आमच्या ताईंच्या धाकट्या सुनेनं मागल्या महिन्यात जे केलं...’ इथं आसपासच्या आठ-दहा जणी डोळे मिटलेलेच ठेवून अर्धा हात पुढं सरकतात. दीडच्या सुमाराला शेजारच्या घरातून कांद्याच्या फोडणीचा वास येतो. पाळकांची प्रार्थना नेमकी याच वेळी लांबते. घड्याळ पाहायचं असेल तर कपाळावर हात ठेवून, अतिशय व्याकूळ झाल्यासारखं, बोटांच्या फटीतून पाहावं.

हे सगळं हसण्यावारी नेताना एक जागा अडते. केडगावचं मुक्ती मिशन. जानेवारी १९०५मध्ये पंडिता रमाबाईंनी रोज प्रार्थनेला स्वखुशीनं कोण येईल असं विचारलं; सत्तरएक जणी पुढं आल्या, आणि आकडा वाढतच गेला. जूनअखेर तिथं जे जागरण सुरू झालं, त्यात मुली तासन्‌तास प्रार्थनेत असत, जेवणाची घंटा वाजली तरी उठत नसत. यातल्या कितीतरी मुली १८९६-९७च्या आणि १९००च्या दुष्काळातून रमाबाईंनी उचलून आणलेल्या. भूक म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. समोर शिजलेलं अन्न असताना त्यांनी ते बाजूला ठेवलं. माझ्याकडं याला जोडायला विनोद नाही.

पैशांचं थोडक्यात. यशया संदेष्ट्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देव सरळ म्हणतो, की मान खाली घालून गोणपाटावर बसण्यापेक्षा भुकेल्याला तुमची भाकर द्या, बेघराला घरात घ्या. म्हणजे वाचलेलं जेवण स्वतःच्या फ्रीजमध्ये ठेवायचं नाही. कॅरिटास इंडियाची भूक आणि रोगराईविरुद्धची मोहीम दर वर्षी याच काळात चालते. तीत वाचवलेल्या वडापावाचे पैसे टाकावेत आणि ईस्टरच्या मटणाचा खर्च त्याच वहीत समोरच्या पानावर लिहू नये.

काही फुटकळ शंका. कम्युनियनआधी किती वेळ उपाशी राहायचं? एक तास; पाणी आणि औषध चालतं. पूर्वी मध्यरात्रीपासून पाण्याचा घोटही घेत नसत. १९५३ साली पाण्याला मोकळीक मिळाली, १९५७मध्ये मध्यरात्रीचे तीन तास झाले आणि १९६४मध्ये एक. आजी अजून चूळ भरतानाही ओठ घट्ट मिटते. मोबाइलचा उपवास चालतो का? चालतो, पण तसं स्टेटस टाकायला मोबाइल लागतो. शुक्रवारी मोठा सण आला तर? १९ मार्चचा संत योसेफाचा किंवा २५ मार्चचा सण शुक्रवारी पडला की मांसाची बंदी उठते. आणि ईस्टरनंतरचा पहिला शुक्रवार? ते आठही दिवस महोत्सवाच्या मानाचे, त्यामुळं त्या शुक्रवारी मटण चालतं. हे कलम मात्र गावात कुणालाही विचारा, तोंडपाठ आहे.