आपल्या युनियनचे सभासदत्व मिळणेबाबत

प्रति,
मा. सरचिटणीस,
खासदार-मंत्र्यांची (नोंदणी न झालेली) युनियन,
पार्लमेंट हाउस, कॅनबेरा.

महोदय, सा. न. वि. वि.

मी मेलबर्नमध्ये बस चालवतो. मूळचा परळचा. वडील गिरणीत साचेखात्यात होते आणि १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाख गिरणी कामगारांबरोबर संपावर गेले. तो संप आजतागायत कोणी रीतसर मागे घेतलेला नाही. म्हणजे कागदोपत्री वडील वारले तेही संपावर असतानाच. असल्या घरातला मुलगा धड युनियनच्या शोधात राहिला, तर नवल नाही. इतकी वर्षे इथे काढल्यावर माझी खात्री पटली आहे की ऑस्ट्रेलियात आता एकच युनियन खऱ्या अर्थाने मजबूत उरली आहे, आणि ती आपली.

आमच्या युनियनांची अवस्था आपण जाणताच. १९७०च्या दशकात इथला निम्मा कामगार युनियनमध्ये होता. आता आठातला एक. सभासद कुठे गेले ते कळत नाही. पदाधिकारी कुठे गेले ते मात्र ठाऊक आहे : आपल्याकडे. बॉब हॉक कामगार महासंघाचे अध्यक्षपद भूषवून आले आणि १९८३ मध्ये पंतप्रधान झाले. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. त्यांनी युनियनांना पगारवाढीचा हट्ट आवरायला लावला, पण बदल्यात मेडिकेअर दिले. शिवाय ऑक्सफर्डला शिकताना अडीच पाइंट बिअर अकरा सेकंदांत रिचवल्याचा विक्रमही त्यांच्या नावावर होता. असा माणूस शब्द गिळणार नाही, असा लोकांचा विश्वास असावा. नंतरच्या बऱ्याच जणांना त्या करारातला हट्ट आवरण्याचा भाग तेवढा पाठ झालेला दिसतो.

आता आपल्या युनियनकडे मन का ओढ घेते, ते कलमवार मांडतो.

पगार. आम्हाला दर तीन-चार वर्षांनी मालकासमोर बसून सेंट-सेंटसाठी घासाघीस करावी लागते. आपला पगार स्वतंत्र न्यायाधिकरण ठरवते. ‘आमच्या हातात काय आहे?’ म्हणत आपण खांदे उडवता आणि वाढ खिशात घालता. मागच्या बाकावरच्या साध्या खासदारालाही वर्षाला २ लाख ३० हजार डॉलरांहून अधिक मिळतात. माझ्या म्हातारपणासाठी मालकाने पगाराच्या १२ टक्के भरावेत, हा कायदा आपलाच. आपल्यासाठी मात्र १५.४ टक्के भरले जातात. वरचे ३.४ टक्के बहुधा कामातल्या जोखमीचे असावेत.

प्रवासभत्ता. सभापती ब्रॉनविन बिशप मेलबर्नहून जिलाँगला पक्षाच्या निधीसंकलनाला गेल्या, त्या हेलिकॉप्टरने. भाडे ५ हजार डॉलरांच्या वर, तेही सरकारी खर्चाने. २०१५ मध्ये बोंबाबोंब झाली आणि त्यांना खुर्ची सोडावी लागली. रस्ता तासाभराचा आहे हो. मला सांगितले असते, तर मीच सोडून आलो असतो.

ओव्हरटाइम. आमच्याकडे जास्तीची पाळी करायची, तर सुपरवायझरची सही लागते. स्कॉट मॉरिसन यांनी पंतप्रधान असताना आणखी पाच खाती स्वतःच्या नावावर करून घेतली आणि २०२२ पर्यंत देशाला पत्ता लागू दिला नाही. त्यांतल्या काही खात्यांच्या मंत्र्यांनासुद्धा नाही! जास्तीचा पगारही घेतला नाही म्हणे. असा चोरून राबणारा कामगार मी परळलाही पाहिला नव्हता.

संप. आम्हाला संप करायचा, तर कराराची बोलणी चालू असावी लागतात, मग फेअर वर्क कमिशनच्या परवानगीने गुप्त मतदान, मग निदान तीन दिवसांची नोटीस. त्याबाहेर दहा मिनिटे जरी काम थांबवले, तरी चार तासांचा पगार कापलाच पाहिजे असा कायदा आहे. आणि तो लेबर पक्षाच्याच सरकारने कायम ठेवला. उलट २३ ऑगस्ट २०१८ रोजी सत्ताधारी पक्षात नेतेपदाची मारामारी पेटली, तेव्हा आपण प्रतिनिधिगृहाचे कामकाज मध्येच गुंडाळून दोन आठवड्यांवर ढकललेत. मतदान फक्त सभागृहातले, नोटीस नाही, पगारकपात नाही. याला म्हणतात संप! गिरणी संपाचे पुढारी दत्ता सामंतांनासुद्धा हे जमले नाही.

नोकरीची हमी. २०१० ते २०१८ या आठ वर्षांत देशाचे पंतप्रधान पाच वेळा बदलले. त्यात मतदारांचा हात एकदाच. बाकी चार वेळा कामावरून काढण्याचा अधिकार सहकाऱ्यांनी बंद दाराआड बजावला. केव्हिन रड यांना रातोरात घेरून ज्युलिया गिलार्ड आल्या. युनियनमधूनच आलेले बिल शॉर्टन त्या जुळवाजुळवीत पुढे होते. तीन वर्षांनी तेच शॉर्टन गिलार्डना सोडून पुन्हा रड यांच्या बाजूला. आडनाव एकाचे, पण रडीचा डाव सगळ्यांचा.

मतदाराचे काय, असे आपण विचारणार नाही, मीच सांगतो. १९२४ पासून इथे मतदान सक्तीचे आहे, चुकवले तर २० डॉलर दंड. घरी बसून राग काढायचीही सोय नाही. म्हणून आम्ही शाळेच्या आवारात रांग लावतो, लोकशाहीचा प्रसाद म्हणून पावात गुंडाळलेले सॉसेज खातो (माझ्यासारख्या शाकाहाऱ्याला नुसता कांदा) आणि आकडे भरतो. वरून खाली १, २, ३ ठोकून दिले, तर त्याला इथे गाढवमत म्हणतात. गाढव कोण, हे स्पष्ट केलेले नाही. मे २०२५ मध्ये लेबरला पहिल्या पसंतीची जेमतेम तिघांतल्या एकाची मते पडली आणि १५० पैकी ९४ जागा मिळाल्या. तिघांतल्या दुसऱ्याने तर दोन्ही मोठे पक्ष खाली ढकलले होते. तरी त्या रात्री सगळे नेते म्हणाले, ‘जनतेचा कौल आम्ही ऐकला.’ कोणत्या कानाने?

आमच्याकडेही सगळे संत नाहीत. २०२४ मध्ये सीएफएमईयू या युनियनच्या बांधकाम विभागात गुंड शिरल्याचे आरोप झाले, तेव्हा आपण कायदा करून तिथे प्रशासक बसवलात. बरे केलेत. तसाच प्रशासक आपल्या युनियनवर बसवायचा झाल्यास अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा, तेवढे कळवावे.

आपण माझा अर्ज नामंजूर करणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून एक कबुली देतो. सभासद कुठे गेले ते कळत नाही, असे वर लिहिले, ते खोटे आहे. त्यांतला एक मी. चार वर्षांपूर्वी वर्गणी जड वाटली, म्हणून डेपोतल्या युनियनमधून नाव कापले आणि तिने मिळवलेली पगारवाढ मात्र घेत राहिलो. खांदेही उडवले. या बाबतीत मी आपल्या युनियनचा सभासद आधीपासूनच होतो म्हणायचे. काल डेपोत जाऊन जुना फॉर्म पुन्हा भरला.

कळावे,
आपला,
एक बसचालक

ता. क. : २१ एप्रिल १८५६ रोजी मेलबर्नच्या पाथरवटांनी आठ तासांच्या दिवसासाठी काम टाकून मोर्चा काढला, तो तिथल्या पार्लमेंट हाउसवरही गेला होता. निवेदन द्यायला नव्हे. इमारत तेव्हा बांधून व्हायची होती. तिथले गवंडी हत्यारे टाकून मोर्चात सामील झाले. पुढे १९०१ पासून सव्वीस वर्षे देशाची संसद त्याच इमारतीत बसली. म्हणजे आपण आत जाण्याच्या पुष्कळ आधी आम्ही तिथून काम थांबवून बाहेर पडलो होतो. वाट माहीत आहे.