बिनमताचे आप्पा

आप्पांचं मत मध्य प्रदेशात आणि जीव महाराष्ट्रात. इच्छापुरात यात नवल काही नाही. देवीच्या टेकडीवर उभं राहिलं तर राज्याची हद्द नेमकी कुठे ते खुद्द इच्छादेवीलाही सांगता यायचं नाही; इकडेही केळी, तिकडेही केळी. लेकी तिकडे दिलेल्या, सुना तिकडून आणलेल्या. त्यामुळे बुऱ्हाणपुरात पार्षद कोण आणि जळगावात नगरसेवक कोण, हे दोन्ही आप्पांच्या घरचे प्रश्न. आता गाव पडलं ग्रामपंचायतीचं, म्हणजे या दोन्ही शहरांत आप्पांना मत नाही. पण त्यानं त्यांचं काही अडत नाही. मतदाराला बटण दाबून घरी जावं लागतं. आप्पांना घरी जायची घाई कधीच नसते.

भविष्य सांगण्याची त्यांची एक रीत आहे. सकाळी बसस्टँडवरच्या टपरीवर ते सांगतात, "यंदा उलटतं बा." संध्याकाळी देवीच्या पायऱ्यांशी बसून सांगतात, "काही उलटत नाही, तेच येतात." टपरीची माणसं पायऱ्यांकडे फिरकत नाहीत, पायऱ्यांची टपरीवर उधारी आहे. निकाल लागला की आप्पा जिथं बरोबर ठरले तिथं जाऊन बसतात. टपरी चुकली तर त्यांना पित्ताचा त्रास होतो, चहा बंद. पायऱ्या चुकल्या तर गुडघा धरतो. गेल्या कित्येक निवडणुकांत आप्पांचं भाकीत चुकल्याचं गावात कुणाला आठवत नाही. त्यांची प्रकृती मात्र नाजूक आहे अशी सर्वांची समजूत आहे.

२०१८ साली जळगाव महापालिकेची निवडणूक आली, तेव्हा आप्पा अगदी फॉर्मात होते. जळगाव म्हणजे सुरेशदादा जैन, हे समीकरण तीन दशकांहून जुनं. काँग्रेस झाली, राष्ट्रवादी झाली, शिवसेना झाली, मधे खान्देश विकास आघाडी झाली; पाट्या बदलल्या, एखाददुसरा फटकाही बसला, पण पालिकेत शब्द दादांचा. घरकुल प्रकरणात त्यांना तुरुंगात जावं लागलं, तरी २०१३ला आघाडीच पुढे होती. डोक्यावर हुडकोचं कर्ज, गावात सतरा मजली महापालिका, आणि त्या इमारतीतून बाहेर पडलं की अमृत योजनेच्या नळांसाठी उकरलेले रस्ते. "एवढं उंच बांधलं की वरून खड्डे दिसतच नाहीत," हे आप्पांचं वाक्य. खरं सांगायचं तर एवढं एकच त्यांचं विश्लेषण माझ्या लक्षात राहिलं.

आधी जैन आणि भाजपचे गिरीश महाजन यांच्यात युतीच्या गोष्टी चालल्या होत्या. तेव्हा आप्पांची फार पंचाईत झाली, कारण दोघं एकत्र आले तर टपरीवर आणि पायऱ्यांवर वेगवेगळं सांगायचं काय? युती फिसकटली आणि आप्पांना हायसं वाटलं. पुढच्याच एसटीनं ते निघाले. मुक्ताईनगरला (आप्पा अजून एदलाबादच म्हणतात) उतरून नाथाभाऊ खडसे किती नाराज आहेत याचा अंदाज घेतला. घेतला म्हणजे स्टँडवर रसवंतीवाल्याला विचारलं. मग जळगावला पिंप्राळ्यात भाच्याकडे मुक्काम.

मतदान १ ऑगस्टला. एकोणीस प्रभाग, ७५ जागा, एक सोडून बाकी प्रभागांतून चार-चार नगरसेवक. म्हणजे तिथं एका मतदारानं चार मतं द्यायची. हे आप्पांनी भाच्याच्या घरी ताटात चार पुऱ्या मांडून समजावलं. "ही एक पुरी कमळाला, ही एक धनुष्यबाणाला, असं करू नको. चारही एकाच ठिकाणी." भाचेसून म्हणाली, "मामा, आमचं मत झालं सकाळीच. तुम्ही भरीत घ्या."

३ तारखेला निकाल. भाजप ५७, शिवसेना १५, एमआयएम ३. दोन्ही काँग्रेस शून्यावर. त्याच दिवशी सांगलीही काँग्रेसच्या हातून गेली. आप्पा इच्छापुरात परतले ते थेट टपरीवर.

"मी तुले सांगतलं नव्हतं? पन्नासच्या वर!"

"कधी सांगितलं आप्पा?"

"पाच बोटं दाखवली होती ना बा!"

टपरीवाल्याला बोटं आठवत होती. त्यावर त्यानं पाच कप चहा पाठवला होता, आणि त्याचे पैसे अजून यायचे होते.

घरी काकूंना या निकालाचं काही वाटलं नाही. त्यांची मावसबहीण जळगावातच असते. "ती महिनाभर सांगत होती, दारापुढं चिखल आहे, आत्ता कोण ठेवतं त्यांना," एवढं बोलून त्या भाकरी थापायला लागल्या. आप्पांच्या मते हे राजकारण नव्हे, बायकी गाऱ्हाणं. राजकारणात समीकरणं असतात.

समीकरणांनी आप्पांना फक्त एकदा दगा दिला. २०२१च्या मार्चमध्ये, महापौरपदाच्या निवडणुकीत, त्या ५७ पैकी २७ जण शिवसेनेच्या बाजूनं गेले. सभा ऑनलाइन होती. लोक मोबाइलच्या पडद्यावरून हात वर करत होते. जयश्री महाजन ४५ विरुद्ध ३० मतांनी महापौर झाल्या. लोकांनी चिखलातून चालत जाऊन उलटवलेली सत्ता नगरसेवकांनी बसल्या जागी पुन्हा उलटवली. आप्पांचा गुडघाही दुखला आणि पित्तही उसळलं. आठवडाभर ते दोन्हीकडे दिसले नाहीत.

सावरल्यावर त्यांनी सिद्धान्त मांडला: आपल्या मध्य प्रदेशाचं बरं. इथं महापौर लोक थेट निवडतात, मागाहून भानगड नाही. पुढच्याच वर्षी, १७ जुलै २०२२ला बुऱ्हाणपूरची मतमोजणी झाली आणि भाजपच्या माधुरी पटेल काँग्रेसच्या शहनाज अन्सारी यांच्यापुढे ५४२ मतांनी निघाल्या. आप्पांच्या आयुष्यातला हा सोन्याचा दिवस. टपरीवर "गेलंच होतं, थोडक्यात वाचलं म्हणा" आणि पायऱ्यांवर "तेच येणार होते, आले". दोन्हीकडे खरे! दोन्हीकडून त्यांनी बुऱ्हाणपुरी दराबा वसूल केला.

त्याच दिवशी ग्वाल्हेरला काँग्रेसनं ५७ वर्षांनी महापौरपद जिंकल्याची बातमी आली. ग्वाल्हेरला आप्पांचं कुणी नाही. पण शिंद्यांचं गाव, म्हणजे आपलंच. जळगावात ५७ नगरसेवक तीन वर्षंही टिकले नाहीत, ग्वाल्हेरला ५७ वर्षं टिकलेलं गेलं. त्यावरून ५७ हा आकडाच राजकारणात अपशकुनी आहे असा शोध त्यांनी लावला आणि तो मुंबई महापालिकेला लावून बघायला घेतला.

त्याच पावसाळ्यात पंचायतीच्याही निवडणुका होत्या. मतदानाच्या आधी टपरीवरच्या एका पोरानं विचारलं, "आप्पा, आपल्या गावात सरपंच कोण होईल?"

आप्पांनी इकडं-तिकडं पाहिलं आणि कप खाली ठेवला.

"गावचं कसं सांगू बा? इथं सगळी ओळखीची माणसं."