वीस यार्डांचे जावई

मॅडिसन, विस्कॉन्सिन
श्रावणातला शनिवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही "जावईबापू कुठायत?" असं विचारलंत आणि मी "मागच्या अंगणात" एवढंच म्हणाले. ते अंगणात काय करत होते हे आईच्या देखत, आणि तेही श्रावणात, बोलायची सोय नव्हती. आता लिहूनच टाकते. तुमचे जावई धनुष्यबाण शिकताहेत. हरणाच्या शिकारीसाठी.

आई, आधी सगळं वाच, मग रागव.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीचं नावच काढायचं नाही. हरीण बघायचं तर बन्नेरघट्ट्याला जाऊन तिकीट काढायचं. इथे हरीण तिकीट न काढता आपल्याकडे येतं आणि माझे टोमॅटो खाऊन जातं. मोसम ठरलेला, परवाना काढायचा, मग जायचं. धनुष्याचा मोसम सप्टेंबरच्या मध्याला उघडतो, म्हणजे ऐन गणपतीच्या आगेमागे. शेजारच्या आजोबांनी आपलं जुनं धनुष्य ह्यांना दिलं आणि तेव्हापासून आमच्या घरात ऑफिसचं काम सोडून सगळं वेळेवर होतं.

धनुष्य म्हणजे रामाच्या खांद्यावरचं डोळ्यांपुढे आणू नका. ह्याला दोन टोकांना चाकं आहेत, दुर्बीणवजा भिंग आहे आणि दोरी ओढायला मनगटावर एक चाप आहे. साठ पौंडांचा जोर लावून ओढायचं. पूर्ण ओढलं की चाकं फिरतात, बराचसा भार उतरतो आणि नेम धरून थांबता येतं. ह्याला कंपाउंड म्हणतात. 2023 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला आपल्या साताऱ्याची आदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली ती ह्याच प्रकारात. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेनं अंतिम फेरीत 150 पैकी 150 गुण घेतले. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत सरांकडे तयार झालेले. हे ऐकल्यापासून तुमचे जावई शेजारी सांगत सुटलेत, "माझी सासुरवाडी मूळची साताऱ्याची." जणू काही तुम्ही हुंड्यात नेम दिलात!

आजोबांवर त्याचा काही परिणाम झाला नाही. ते म्हणाले, "त्या मुलांना पन्नास मीटरवर पंधरा बाण मिळतात. तुला एकच मिळणार."

बाबा, तुमच्यातल्या निवृत्त बँक अधिकाऱ्याला नियम आवडतात म्हणून सांगते. इथल्या कायद्याप्रमाणे हरणासाठी धनुष्याचा ताण किमान 30 पौंड हवा, बाणाचं पातं निदान पाऊण इंचाहून थोडं जास्त, म्हणजे 7/8 इंच रुंद आणि धारदार हवं. 1 जानेवारी 1973 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यानं शिकारीच्या सुरक्षिततेचा वर्ग पूर्ण केलेला हवा. (तुम्हाला वयामुळे माफी आहे. आई, हुरळू देऊ नकोस त्यांना.) पण नेम लागतो की नाही, हे सरकार विचारतच नाही! डेन्मार्कमध्ये धनुष्याच्या शिकारीआधी नेमाची परीक्षा द्यावी लागते. इथेही काही शहरं आपल्या हद्दीतल्या शिकारीसाठी तशी चाचणी घेतात. एरवी ज्याची त्यानं आपल्या मनाशी घ्यायची. ह्यांचं मन भलतंच उदार असल्यामुळे परीक्षा आजोबा घेतात.

परीक्षा कागदी ताटलीवर. हरणाचं काळीज आणि फुप्फुसं मिळून साधारण तेवढीच जागा. जितक्या अंतरावरून सगळे बाण ताटलीत जातात, तेवढी आपली हद्द. ह्यांची हद्द वीस यार्ड, म्हणजे साठ फूट. आपल्या जयनगरच्या साठ-चाळीसच्या साइटची लांब बाजू. फाटकापासून मागच्या तुळशीपर्यंत, बस्स. तीस यार्डांवर एखाददुसरा बाण ताटलीबाहेर जातो, म्हणून तीस यार्डांवरच्या हरणाला नुसता नमस्कार करायचा. "बहुतेक लागेल" हा शब्द आजोबांकडे चालत नाही. अर्धवट लागलेलं जनावर रात्रभर तडफडतं, ते पाप मोजायला ताटली नसते, असं ते म्हणतात.

बरं, ताटलीत बाण गेले म्हणून संपलं नाही. सकाळी उठल्या उठल्या, हात गरम न करता, जाड कोट घालून, खुर्चीत बसून एकच बाण मारायचा आणि घरात परत यायचं. दुसरा मागायचा नाही. खरा हिशेब त्या पहिल्या बाणाचा. शिवाय सरावाच्या गोल टोकाचा बाण आणि शिकारीच्या पात्याचा बाण सारखे उडत नाहीत, तेव्हा पातं लावून पुन्हा पहिल्यापासून. शिवाय झाडावर मचाणात बसून खाली मारताना कमरेतून वाकायचं, नुसता हात खाली केला की बाण वर जातो. (पट्टा बांधल्याशिवाय झाडावर चढायचं नाही, हे मी आजोबांकडून दोनदा वदवून घेतलंय.) आणि इतकं करून हरीणही जागचं हलतं. बाण सेकंदाला अडीचशे-तीनशे फूट जातो, दोरीचा आवाज अकराशे फूट. आवाज आधी पोचतो, हरीण उडी मारायला खाली दबतं आणि बाण पाठीवरून निघून जातो. म्हणजे जवळ आलेलं, आडवं उभं राहिलेलं, निवांत चरणारं हरीणच हवं. मुलींसाठी स्थळं बघतानाही लोक इतक्या अटी घालत नाहीत.

मागच्या आठवड्यात आजोबांनी फोमचं हरीण मांडलं. ह्यांनी श्वास रोखला, चाप सोडला, बाण बरोबर खांद्यामागे. हे विजयी मुद्रेनं वळले. आजोबा म्हणाले, "नापास." झुडपामागे त्यांनी दुसरं, लहान हरीण उभं केलं होतं; बाण पहिल्यातून आरपार गेला तर त्यालाच लागायचा. "मागे काय होतं ते पाहिलंस का?" ह्यांनी बाणेदारपणे द्रोणाचार्यांची गोष्ट सांगितली : झाड नाही, फांदी नाही, फक्त पक्ष्याचा डोळा. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि त्या गुरूनं त्याला पास केलं?"

त्या रात्री मला झोप लागेना. बाबा, तुम्हीच विचार करा. दशरथानं नुसत्या आवाजावर, रात्री, नदीकाठी बाण सोडला आणि श्रावणबाळ गेला. पंडूनं हरणाच्या रूपातल्या ऋषीला मारलं. जरा व्याधाला श्रीकृष्णाचं पाऊल हरीण वाटलं. आपल्याकडच्या नेमात कुणाचीच चूक नव्हती, तिघांचाही बाण अचूक लागला! घोटाळा झाला तो समोर कोण आहे हे न बघता सोडल्याचा. विस्कॉन्सिनच्या वर्गाला तिघं बसले असते तर अर्धं रामायण आणि निम्मं महाभारत घडलंच नसतं. अर्थात तिघंही 1973 च्या आधीचे, त्यांना सक्ती नव्हती.

तर आता घरचा ठराव असा. हे जातील, पण वीस यार्डांच्या आत, उजेडात, मागची जागा मोकळी असेल तरच चाप सोडतील. आजोबांच्या मते ह्या अटींवर पहिल्या मोसमात बहुतेक नुसती थंडीच मिळते. चुकून हरीण मिळालंच तर मांस आपल्या घरात येणार नाही. शिकाऱ्यांनी दिलेली हरणं गरजूंच्या अन्नछत्रांना पोचवायची योजना इथे 2000 सालापासून चालू आहे, तिकडे जाईल. आई, आता रागवायचं असलं तर रागव, पण ह्यांच्यावर. मी फक्त ताटल्या पुरवते.

बाकी सर्व क्षेम. बाबा, रागीगुड्ड्याच्या पायऱ्या हळू चढत जा, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा.

तुमची
बेबी

ता.क. तुम्ही नोव्हेंबरात येताय तेव्हा बंदुकीचा मोसम असेल. त्या दिवसांत रानाकडे फिरायला जाताना डोळ्यांत खुपणारा नारिंगी रंग अंगावर हवा. 2016 पासून इथल्या कायद्यानं शिकाऱ्यांना भडक गुलाबीही मान्य केलाय. तेव्हा आई, चौथ्या ब्लॉकात घासाघीस करून घेतलेला तो गुलाबी स्वेटर, जो घालायला बाबा लाजतात, तो त्यांच्याच बॅगेत भर. इथे तो कायद्यात बसतो.