विहीणबाईंचं जंक्शन

अहो वहिनी, ऐकलंत का? परवा बारशाला कुर्डुवाडीच्या विहीणबाई आल्या होत्या ना, त्यांचं आल्या आल्या सुरू! "आमचं जंक्शन, आमच्याकडं मुंबईची मेन लाइन, तुमच्या बार्शीला काय आहे हो..." सासूबाई पान लावत होत्या. मान वरसुद्धा न करता म्हणाल्या, "तुमच्या स्टेशनाचं आधीचं नाव ठाऊक असेलच. बार्शी रोड!" अगं बाई, चेहरा असा उतरला म्हणता! हातातला पेढा हातातच.

तर काय सांगत होते... हां, मोठ्या लाइनीनं आपल्याला बगल दिली हे काही खोटं नाही. एवढी धान्याची, कापसाची पेठ, आणि माल न्यायचा बैलगाडीनं वीस-एकवीस मैल! तो कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज साहेब भेटला म्हणून बरं. जीआयपी, म्हणजे त्या मोठ्या लाइनीच्याच रेल्वे कंपनीतली नोकरी सोडली, वर्षानुवर्षं सरकारदरबारी खेटे घातले, 1895 ला कंपनी काढली आणि 1897 ला गाडी सुरू. रूळ अवघे अडीच फुटांचे! पण डोकं बघा, इंजिन असो की वाघीण, एका आसावर पाच टनांच्या वर भार नाही. म्हणून हलक्या रुळांवर भागलं. (हे आमच्या ह्यांचं ज्ञान हं, मला कुठलं कळायला!)

साहेबही एकेक! पुढं विलायतेत अरबी घोडे काय पाळले, वैमानिकांसाठी पॅराशूट काय काढलं, नाव म्हणे 'गार्डियन एंजल'...

मग आपली गाडी 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर, 1927 ला मिरज. आषाढीला टपावर माणसं! 1954 ला सरकारनं घेतली आणि पुढं ब्रॉडगेज झाली, ते तर आपल्या डोळ्यांदेखत. म्हणून तर 2016 च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी जाऊ शकलं. पहिली खेप दहा वाघिणींची, पाच लाख लिटर, आणि आपल्या बार्शीवरून! सासूबाईंनी हेही ऐकवलंच.

पण विहीणबाई काय कमी आहेत? पदर सावरून म्हणाल्या कशा, "ते असू दे, पण तुमच्या गाडीची इंजिनं दुरुस्तीला कुठं यायची? कारखाना आमच्याच कुर्डुवाडीत ना!"

सासूबाई गप्प. मला हसू आवरेना हो, पण त्यांच्यासमोर हसायची काय सोय आहे!