जाण्याची पूर्वतयारी : सूचना आणि पोटसूचना

पात्रता : स्वतःच्या अंत्यविधीची आगाऊ व्यवस्था करू इच्छिणारी व्यक्ती (यापुढे 'इच्छुक') अर्ज करतेवेळी हयात असावी. वयाची अट नाही. तथापि सत्तरीच्या आत विषय काढल्यास घरचे 'काहीतरीच काय!' म्हणतात आणि पंच्याऐंशीनंतर काढल्यास तसं कोणीच म्हणत नाही, याचं इच्छुकाला वाईट वाटतं. मधली वर्षं उत्तम. आमची पुण्याची आत्या बराच काळ या मधल्या वर्षांतच आहे.

फाइल : प्लॅस्टिकची, बटणाची. वर स्केचपेनने 'मी गेल्यावर'. अंत्यविधीच्या सूचना मृत्युपत्रात लिहू नयेत. मृत्युपत्र उघडतात तेराव्यानंतर. 'विद्युतदाहिनीच हवी' हे वाक्य वाचेपर्यंत लाकडं जळून गेलेली असतात. वेगळा कागद करावा आणि तो कुठे आहे हे दोघांना तरी सांगून ठेवावं. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि ज्याला त्यातून काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये, असं वकील सांगतात. आत्याने मला सही करायला बोलावलं, तेव्हाच माझ्या वाट्याला काय आलंय ते मला कळलं.

डॉक्टर : घरी मृत्यू आल्यास डॉक्टरांच्या दाखल्याशिवाय स्मशानात पुढचं काही हलत नाही, आणि रात्री दोन वाजता अनोळखी डॉक्टर सही देत नाही. म्हणून नेहमी तपासणारा, जवळ राहणारा आणि वयाने आपल्याहून बराच लहान असा डॉक्टर असावा. आत्याचे जुने डॉक्टर तिच्या आधी गेले. 'एवढी वर्षं फी दिली!' हे तिचं त्यांच्या दारातलं सांत्वन होतं.

निधी : इच्छुकांचा सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. मरणासाठी म्हणून ठेवलेली मुदत ठेव मरणाच्या दिवशी उपयोगी पडत नाही. खातं एकट्याच्या नावावर असेल तर कागदपत्रं होईस्तोवर पैसे अडकतात. मयताचं एटीएम कार्ड चालवणं बेकायदा. तेव्हा खातं दोघांच्या नावावर, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' असं ठेवावं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात. ही बातमी आत्याला कोणी सांगितली कोण जाणे. तेव्हापासून ती टक्केवारी ठरवतेय आणि दर रविवारी कोणाचे तरी पाच टक्के कापले जातात.

आत्याचा मात्र बँकेपेक्षा पाकिटावर विश्वास. बोर्नव्हिटाच्या डब्यात तांदूळ, तांदळात पाकीट, पाकिटात पाचशे-हजाराच्या नोटा. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री त्या गेल्या. रांगेत उभं राहून, 'हे माझ्या तिरडीचे आहेत' असं काउंटरवर ठणकावून सांगत तिने त्या बदलल्या आणि पाकीट जाड होतं म्हणून पुढे सगळे दोन हजारांच्या नोटांत केले. २०२३ च्या मे महिन्यात रिझर्व्ह बँकेने त्याही मागे घ्यायला काढल्या. पाकिटातल्या नोटा दोनदा वारल्या, आत्या ठणठणीत.

कर : जीएसटी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टानुसार अंत्यविधीची सेवा कराच्या कक्षेतच येत नाही. तेवढ्यासाठी घाई करू नये.

मुहूर्त : अनंत चतुर्दशी टाळावी. पुण्यात वैकुंठ स्मशानभूमीकडचे रस्ते बंद असतात.

फोटो : जिवंतपणी काढून घ्यावा. आयत्या वेळी मुलं कोणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो कापतात आणि पेपरात इच्छुकाच्या खांद्यावर परक्या बाईचा बांगड्यांनी भरलेला हात राहतो. चष्मा घालावा, नाहीतर लोक ओळखत नाहीत आणि शेजारच्या बिल्डिंगमध्ये भेटायला जातात.

नेत्रदान, देहदान : नुसता अर्ज भरून भागत नाही. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात आणि फोन करायचा असतो घरच्यांनी. शवविच्छेदन झालेला देह वैद्यकीय महाविद्यालयं सहसा घेत नाहीत. घरच्यांना आधी पटवून ठेवावं, कारण आयत्या वेळी विरोध करणारा काका प्रत्येक घरात असतो. आमच्याकडे दोन आहेत.

कंत्राट : आगाऊ पैसे भरले की तिरडी, मडकं, गोवऱ्यांपासून भटजी आणि अस्थिविसर्जनापर्यंत सगळं बघणाऱ्या संस्था आता मुंबई-ठाण्याकडे निघाल्या आहेत. पैसे भरण्याआधी विचारावं : गाव बदललं तर काय, दर वाढले तर फरक कोणी भरायचा, आणि संस्थाच आधी गेली तर? पावती फाइलमध्ये लावावी. आत्याने माहितीपत्रक मागवलं, तेव्हा मी खरंच चिडलो. भाचे कशाला आहेत मग? तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. 'ते खांद्यालाही माणसं देतात रे. तुझा पट्टा अजून सुटला नाहीये कमरेचा.' माहितीपत्रकावर तिने किमतीखाली नाही, खांदेकऱ्यांच्या ओळीखाली रेघ मारली होती.

कावळा : दहाव्याला न शिवल्यास नातेवाईक मयताच्या वतीने वाटेल ते कबूल करत सुटतात. आत्याची लेखी सूचना : 'धाकट्या जावेला बोलू देऊ नये. अर्धा तास बघावं, मग दर्भाचा करून मोकळं व्हावं. भटजींना पुढचं काम असतं.'

जेवण : केटरर पारखून घ्यावा. त्यासाठी आत्या इतरांच्या तेराव्यांना जाते, ओळख असो वा नसो. अळूवडी कच्ची, मठ्ठा पातळ अशा शेऱ्यांसह बरेच जण बाद होऊन सदाशिव पेठेतला एक उरला. मला ॲडव्हान्स देऊन पाठवलं. त्याने वही उघडली, पेनचं टोपण काढलं आणि तारीख विचारली. मी बाहेर येऊन फोन लावला.

'कळवतो म्हण,' आत्या म्हणाली, 'आणि दर आजचाच लावून घे.'