लोड किती?

आंबोलीच्या पावसाळ्यात तीन आवाज हमखास ऐकू येतात: पावसाचा, बेडकांचा आणि भाऊंचा. पाऊस मधूनच उसंत घेतो, बेडूक पहाटेला दमतात. भाऊ मात्र समोरच्याच्या गाडीचं बॉनेट उघडल्याशिवाय थांबत नाहीत.

भाऊ ही कुणी एक व्यक्ती नव्हे, ती एक प्रजाती आहे. आंबोलीत, चौकुळात, गेळ्यात, जिथे जिथे वीज जाते तिथे तिथे एक भाऊ असतोच. इथल्या सड्यावरच्या एका भेकाला शास्त्रज्ञांनी २००९ साली नवी प्रजाती म्हणून नाव दिलं. भाऊंची नोंद अजून कुणी घेतलेली नाही, पण ओळखायला सोपे आहेत. खिशात पेनाच्या जागी टेस्टर. शर्टाच्या पुढच्या बाजूला बॅटरीच्या ॲसिडने पाडलेली बारीक भोकं. आणि पाहुण्याला पाणी विचारण्याआधी विचारलेला प्रश्न: "लोड किती?"

समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवरचं हे गाव. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. कुठेतरी फांदी तारांवर पडते आणि गाव अंधारात जातं. अशा वेळी ज्या वस्तूत वीज शिल्लक असते ती म्हणजे दारात भिजत उभी असलेली गाडी. पण ती वीज १२ व्होल्टची, एका दिशेने वाहणारी. घरातली यंत्रं मागतात २३० व्होल्टची, सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेणारी. मधे इन्व्हर्टर लागतो, आणि इन्व्हर्टर म्हटला की भाऊ लागतात.

भाऊंची खरी पर्वणी चतुर्थीला. चाकरमानी पुतण्या मुंबईहून मोठी गाडी आणि त्याहून मोठा खोका घेऊन येतो. खोक्यावर तळहाताएवढ्या आकड्यांत '२००० वॅट'.

"काका, ह्यावर अख्खं घर चालेल. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये घातला की झालं."

भाऊ खोका हातात घेऊन उलटसुलट फिरवतात. "बरो आसा. त्या सॉकेटाचो फ्यूज किती?"

गाडीला फ्यूज असतो ही बातमी पुतण्याला नवीन असते. भाऊ डॅशबोर्डखालचं झाकण काढतात, चष्मा कपाळावरून नाकावर आणतात. "पंधरा अँपिअर. पंधरा गुणिले बारा?"

"एकशे ऐंशी."

"मगे उरलेले अठराशे वीस वॅट खंयसून हाडतलंस?"

इथून भाऊंचं कीर्तन सुरू होतं. इन्व्हर्टर वीज निर्माण करत नाही, आहे ती नुसती बदलतो. दोन हजार वॅट बाहेर काढायचे तर बॅटरीतून १६७ अँपिअर खेचावे लागतात, आणि बदलाबदलीत दहा-पंधरा टक्के वीज उष्णता होऊन जाते ती वेगळी. बऱ्याच गाड्यांचा अल्टरनेटर सत्तर-ऐंशी अँपिअरच्या घरातला, तोही इंजिन जोरात फिरत असताना. गाडी नुसती घुरघुरत ठेवली तर त्याहून कितीतरी कमी. "म्हणान आधी इन्व्हर्टर घेवचो नाय. आधी कागद घेवचो."

कागद येतो. त्यावर मखराच्या एलईडी माळा ४० वॅट, भजनाचा ॲम्प्लिफायर १२०, दोन दिवे २०, पंखा ६०. बेरीज २४०. पुतण्याचा चेहरा उतरतो. अख्ख्या मुंबईला पुरेल असा खोका आणला आणि गरज निघाली एका कोपऱ्याची. भाऊंचा निकाल ठरलेला: ४०० वॅटचा, प्युअर साइन वेव्हचा घे, हा परत कर. आणि गाडी बंद ठेवून चालवशील तर तास पुरा व्हायच्या आत थांब. ४५ अँपिअर-अवरची ही बॅटरी स्टार्टर फिरवण्यासाठी केलेली आहे, अर्ध्याच्या खाली उपसायची नाही. आरती तासाभरात आटपते, भजन पहाटेपर्यंत चालतं. त्या हिशेबाने मागे दुसरी बॅटरी हवी, आणि तिने पुढच्या बॅटरीचं रक्त पिऊ नये म्हणून दोघींमध्ये आयसोलेटर.

बसवण्याचा दिवस हा भाऊंच्या घरी सणासारखा पाळला जातो. मायनसची वायर आधी सोडायची, प्लस मागाहून. जोडताना बरोबर उलट. वायर तांब्याची, १० चौरस मिलिमीटरची, आणि होईल तितकी आखूड. पत्र्यातून जिथे आत शिरेल तिथे रबरी कडं, नाहीतर घाटातल्या वळणावळणाला पत्रा वायर सोलत राहतो. ५० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून एका वितीच्या आत. पुतण्या म्हणतो, इन्व्हर्टरमध्ये आतच फ्यूज आहे की. भाऊ थांबतात, पाना खाली ठेवतात. "मेल्या, ह्यो फ्यूज इन्व्हर्टराक नाय. वायरीक." मधल्या वायरीचं साल गेलं आणि ती पत्र्याला चिकटली, तर इन्व्हर्टरमधला फ्यूज आरामात बघत बसेल आणि गाडी पेटेल.

जागेबद्दलही त्यांचे नियम आहेत. बॉनेटखाली नाही, तिथे उष्णता आणि पाणी. सीटखाली चालेल, पण वर घोंगडी टाकायची नाही. त्याच्या पंख्याला श्वास घेऊ दे. आंबोलीच्या दमटपणात बॅटरीच्या टर्मिनलवर बुरशीसारखे क्षार चढतात, म्हणून भाऊंच्या खिशात पेट्रोलियम जेलीची डबी कायम असते. त्यावरून चहाच्या टपरीवर भाऊंच्या नाजूक ओठांविषयी काय काय बोललं जातं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सगळेच चाकरमान्याइतके शहाणे होत नाहीत. एका भजनीबुवांनी भाऊंना न विचारता स्वस्तातला, चौकोनी लाटेचा इन्व्हर्टर घेतला. दिवे लागले, मोबाइल चार्ज झाला, बुवा खूश. ॲम्प्लिफायर लावला आणि स्पीकरमधून गुंऽऽ सुरू झालं. भाऊंनी कान लावून निदान केलं: शंभर हर्ट्झ, म्हणजे पांढरी पाचच्या किंचित वर. "बुवानू, तुमी काळी चारात गातास, इन्व्हर्टर पांढरी पाचात. दोघांपैकी एकान माघार घेवक होयी." पखवाजवाल्याने मध्यम मार्ग म्हणून पखवाज इन्व्हर्टरला लावून घेतला, असं भाऊ सांगतात.

दुसऱ्या एकाचा भाचा अमेरिकेतून इन्व्हर्टर घेऊन आला. तिकडची वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. त्यावर मामांचा पंखा असा फिरला की त्यावरची माशीसुद्धा उठली नाही.

रात्री बेडूक बघायला येणाऱ्या छायाचित्रकारांशी भाऊंचं वेगळं भांडण आहे. त्यांना कॅमेऱ्याची बॅटरी चार्ज करायची असते, तीही आठेक व्होल्टची. त्यासाठी १२ व्होल्टचे आधी २३० करायचे, मग चार्जरने ते पुन्हा आठावर आणायचे, आणि दोन्ही वेळा वीज सांडायची! "ह्या म्हणजे आंबोलीसून सावंतवाडीक जावक बेळगावचा रस्ता धरण्यासारख्या झाला." त्यांच्या हाती भाऊ गाडीच्या सॉकेटात थेट बसणारा चार्जर ठेवतात आणि इन्व्हर्टर काढून घेतात. गिऱ्हाइकाला इन्व्हर्टर घेऊ न देणारा दुसरा तज्ज्ञ मी पाहिलेला नाही. म्हणूनच भाऊंच्या ह्या धंद्याला धंदा म्हणणं त्यांच्या घरी कुणालाच मान्य नाही.

घरी काकी. मुसळधार पावसात वीज गेली, वाटप व्हायचं होतं, आणि काकींनी साधी मागणी केली: जीपवर मिक्सर चालवा. भाऊंनी कागद काढला. मिक्सर ७५० वॅट, सुरू होताना त्याच्या दुप्पट-तिप्पट झटका, शिवाय ओलं खोबरं... कागद संपायच्या आत काकींनी पाटा पुसून घेतला होता. "शिरा पडली तुमच्या इन्व्हर्टरार! माझ्या पाट्याक लोड नाय नि फ्यूज नाय." भाऊंनी ह्यावर बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, पाट्याला लोड असतो, पण तो काकींच्या खांद्यावर येतो. त्या संध्याकाळी वाटप भाऊंनीच वाटलं.

भाऊ खरे चिडलेले मी पाहिले ते शेजाऱ्याने दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून आणली तेव्हा. इन्व्हर्टरमधून ती वायर घरच्या सॉकेटात खुपसली की सगळं घर उजळेल, असा त्याचा बेत. भाऊंनी ती वायर पकडीने तिथल्या तिथे कापली. घराची वीज बाहेरच्या तारेत उलटी गेली तर पावसात खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल; आणि मेन लाइन अचानक आली तर इन्व्हर्टर फुटेल. त्याच सुरात दुसरी ताकीदही दिली: बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून दिवे लावायचे नाहीत, धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणसाला झोपेतच नेतो. त्या दिवशी भाऊंनी एकही विनोद केला नाही.

एरवी त्यांना खोक्यावरचे आकडे वाचायचा नाद आहे. समोर मोठ्या अक्षरांत असतो तो 'पीक', म्हणजे क्षणभर सोसणारा भार. मागे बारीक टायपात 'कंटिन्यूअस', तो बहुतेक वेळा निम्मा. भाऊ पुढचा आकडा बघतच नाहीत. ही सवय हळूहळू अंगात भिनली. एकाने मुलीसाठी आलेल्या स्थळाबद्दल मत विचारलं. मुलगा देखणा, बोलका, चहापोहे घेताना सगळ्यांना हसवलेलं. भाऊ म्हणाले, "पीक बरो आसा. कंटिन्यूअस शेजाऱ्यांका इचारा."

मागे निवडणुकीत एक उमेदवार वाडीत आले. रस्ता, नळ, चोवीस तास वीज, सगळं जोडून बोलले, आवाजही खणखणीत. बोलणं संपल्यावर भाऊ खुर्चीतून उठले, शांतपणे चालत उमेदवाराच्या पाठीमागे गेले आणि चष्मा नाकावर घेऊन त्यांच्या जाकिटाकडे बघू लागले.

उमेदवार गोंधळले. "काय बघताय भाऊ?"

"काय नाय. कंटिन्यूअस किती ता खंय लिवलेला आसा, ता बघतंय."