तोटीचा हिशेब

जेल रोडवरच्या आमच्या ओळखीच्या एका निवृत्त लेखापाल काकांना सध्या झोप नाही. नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहाची भिंत त्यांना गच्चीतून दिसते. त्या भिंतीआड कोणीतरी आत्ता या क्षणी सरकारी नळाची तोटी पिरगाळत असेल, या कल्पनेनेच त्यांचा रक्तदाब चढतो. "फुकट खायचं आणि वर थाळ्या आपटायच्या! पैसे कोणाचे? माझे!" पेन्शनीतून कापल्या जाणाऱ्या प्राप्तिकरातली नेमकी कोणती तोटी आपली, हेही ते आता सांगू लागलेत.

काकांनी १८९४चा कारागृह अधिनियमही वाचून काढला. तुरुंगातल्या वस्तूंची मुद्दाम नासधूस करणं हा त्यात गुन्हा आहेच. शिक्षांच्या यादीत तीस फटक्यांपर्यंतची तरतूद आहे आणि कपडे काढून घेऊन गोणपाट नेसवण्याचीही. गोणपाटावर काका खूश झाले. कांद्याच्या बाजाराचं लासलगाव जवळ आहे, बारदानाला काय तोटा? विधिमंडळाने डिसेंबर २०२४मध्ये कारागृहांसाठी नवं विधेयक मंजूर केलं, हे कळल्यावर मात्र ते जरा हिरमुसले. त्यांना जुना माल टिकाऊ वाटतो.

मग मोडतोडीच्या वसुलीची आकडेमोड सुरू झाली. २०२३च्या दरवाढीनंतर राज्यातल्या कुशल कैद्याला दिवसाला ७४ रुपये मिळतात, अकुशलाला ५३. यातून कापायचं. पण ही मजुरी शिक्षा लागलेल्यांची. राज्यातल्या तुरुंगांत दहापैकी आठजण कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा सिद्ध व्हायचाय असे. त्यांच्यावर कामाची सक्ती नाही, काम नाही म्हणून मजुरी नाही. त्यांनी तोटी मोडली तर कापायचं काय? शिवाय २०२२च्या अखेरीस राज्यातले तुरुंग क्षमतेच्या दीडपटीहून जास्त भरलेले होते. शंभरजणांसाठी बसवलेली तोटी दीडशेजण पिळत असतील, तर ती गेली हे नुकसान की घसारा? घसारा म्हटल्यावर काका पहिल्यांदाच गप्प झाले. त्या शब्दाचा त्यांना आदर आहे.

मी म्हटलं, काका, दर लावायचाच तर सगळ्यांना सारखा लावा. याच नाशिकरोडच्या चलार्थपत्र मुद्रणालयातून २०२१मध्ये पाच लाखांच्या नोटा गायब झाल्याचा गवगवा झाला. चौकशीत निघालं की चोरी नाही, नोटा चुकून पंचिंगमध्ये, म्हणजे बाद करायच्या नोटांत गेल्या. कुशल कैद्याच्या दराने हे पाच लाख फेडायला ६,७५७ दिवस लागतात, रविवारची सुट्टी न घेता साडेअठरा वर्षं. जन्मठेपवाल्याला चौदा वर्षांनी सुटकेची आशा तरी धरता येते. हे पाच लाख फेडणाऱ्याचे साडेचार वर्षांचे हप्ते तेव्हाही बाकीच. "ती चूक होती," काका म्हणाले. बरोबर. चूक व्हायला भिंतीच्या बाहेर असावं लागतं.

आदर्श कैदी कसा असावा, यावर मात्र आमचं एकमत झालं. ललित पाटील. नाशिकचा माणूस. अमली पदार्थांच्या खटल्यातला हा येरवड्याचा कैदी कित्येक महिने पुण्याच्या ससून रुग्णालयात मुक्कामाला होता आणि २ ऑक्टोबर २०२३ला, गांधी जयंतीच्या मुहूर्तावर, तिथून निघून गेला. काही दिवसांतच आपल्या शिंदे गावातल्या, त्याच्याशी जोडल्या गेलेल्या कारखान्यावर मुंबई पोलिसांनी छापा घातला आणि जप्त मेफेड्रोनची किंमत सुमारे तीनशे कोटी सांगितली. पण वहीत पाहा: तोटी फोडली? नाही. थाळी वाकवली? नाही. गज कापले? छे, दरवाजा होता. मालमत्तेचं नुकसान निरंक. (आजारपणाचं सोंग हाही १८९४च्या कायद्यात गुन्हा आहे; पण त्याचं वेगळं खातं काढायचं तर रुग्णालयांतले बरेच वॉर्ड रिकामे होतील, म्हणून राहू दे.)

उलट मुंबईच्या भायखळा तुरुंगातल्या बाया. जून २०१७मध्ये त्या छपरावर चढल्या, कागद पेटवले, आरडाओरडा केला. दोनशेहून अधिकजणींवर दंगलीचा गुन्हा. काकांनी लगेच रकाना आखला. कौलं, कागद, बंदोबस्ताचं डिझेल. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं, म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी सांगितलं: आदल्या दिवशी मंजुळा शेट्ये गेली. ती स्वतः कैदी, शिधावाटपाचं काम पाहायची. दोन अंडी आणि पाच पाव हिशेबात कमी भरले, म्हणून तिला मारहाण झाली, असा आरोप. तुरुंगाच्या सहा महिला कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा नोंदवला गेला.

काकांनी चष्मा पुसला, पेन उचललं आणि 'जमा' की 'नावे' यावर बराच वेळ अडले. शेवटी म्हणाले, "अंडी उकडलेली होती की कच्ची? दरात फरक पडतो."